कार डिझाइनसाठी कॉलेज निवडताना: कशानंतर काय करायचं आणि लोक कुठे चुकतात

बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत एकच क्रम दिसतो. मुलाला गाड्यांचं वेड, चित्रंही बरी काढतो. मग नेटवर कॉलेजांचा शोध, दोन जाहिराती, एका समुपदेशकाचा फोन आणि 'जागा संपत आल्यात' म्हणून घाईघाईने भरलेले पंचवीस-पन्नास हजार. अभ्यासक्रमात गाडी कोणत्या वर्षी येते, ती शिकवतं कोण आणि आधीच्या मुलांच्या हातून काय घडलं, हे प्रश्न दुसऱ्या वर्षाला पडतात. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

खालचे टप्पे याच्या उलट दिशेने जातात. आधी काम, मग हात, मग मार्ग, त्यानंतर यादी. पैसे सगळ्यांत शेवटी. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्प्यावर काही कॉलेजं आपोआप गळतात आणि कधीकधी हा बेतच गळतो. तो इथे गळला तर चार वर्षं वाचतात.

१. आधी काम ठरवा

ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग आणि ऑटोमोटिव्ह डिझाइन ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. कॉलेजच्या बाहा संघात (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधण्याच्या स्पर्धेच्या संघात) सस्पेन्शन जुळवताना, वेल्डिंग करताना जो मुलगा रात्र विसरतो, त्याची जागा बहुतेक वेळा इंजिनिअरिंगमध्ये आहे. गाडीचं रूप, आतली बैठक, हाताला लागणारी बटणं, पत्र्यावरून सरकणारा प्रकाश यांत ज्याचं डोकं रमतं, त्याने पुढे वाचावं.

डिझाइन स्टुडिओतही सगळे जण स्केच काढत बसत नाहीत. बाहेरचं रूप करणारे एक्स्टिरिअर डिझायनर, आतलं करणारे इंटिरिअर डिझायनर, रंग, कापड आणि फिनिश बघणारी सीएमएफची माणसं, क्ले मॉडेलर, एलियाससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग बांधणारे डिजिटल मॉडेलर, स्क्रीनवरचं काम करणारे आणि या सगळ्यांना 'इथे इंजिन आहे, बॉनेट एवढं खाली येणार नाही' असं सांगणारे स्टुडिओ इंजिनिअर. सगळ्यांत जास्त गर्दी एक्स्टिरिअरला असते आणि जागा सगळ्यांत कमी तिथेच. डिजिटल मॉडेलिंग आणि सीएमएफकडे मुलं बघतही नाहीत, हे मला फार खटकतं. ही कामं तितकीच कसाची आहेत.

*तपासणी:* वरच्यापैकी कोणती दोन कामं तुम्ही रोज आठ तास कराल, ते कागदावर लिहा. 'सगळंच आवडतं' हे उत्तर आलं तर अजून माहिती कमी पडते आहे.

२. हात तपासा, यादी करण्याआधी

इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड आहे, हे वाक्य पालकांकडून हमखास ऐकू येतं. शासकीय रेखाकला परीक्षांचा उपयोग नक्की होतो. वस्तुचित्र आणि स्मरणचित्राने डोळ्याला वळण लागतं. पण कार डिझाइनला लागणारा हात वेगळा असतो: समोर नसलेली वस्तू कोणत्याही कोनातून, पर्स्पेक्टिव्ह न चुकवता, पेनाने, खोडरबराशिवाय.

स्वतःची परीक्षा घरीच घ्या. ए३ आकाराचा साधा झेरॉक्सचा कागद आणि बॉलपेन पुरे. सोसायटीत उभी असलेली एखादी गाडी पुढच्या कोपऱ्यातून काढा, म्हणजे तिचा पुढचा भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतील. आता फक्त चाकांकडे बघा. कोनातून पाहिलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं आणि त्या लंबवर्तुळाचा लघुअक्ष, म्हणजे मधली आखूड रेषा, चाकाच्या आसाच्या रेषेत यावा लागतो. नवखा हात लंबवर्तुळ नेहमी ताठ उभं काढतो. मग बाकीचं चित्र कितीही देखणं असलं तरी चाक गाडीतून निखळल्यासारखं वाटतं. पोर्टफोलिओ तपासणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

दुसरी परीक्षा प्रमाणाची. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर आहे आणि तिच्या १५ इंची रिमवरच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत जवळपास तीन चाकं बसतात. तुमच्या बाजूच्या चित्रात हे मोजा. दोनच बसत असतील किंवा चार बसत असतील, तर डोळा अजून तयार व्हायचा आहे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, हे सरावाने येतं. प्रश्न एवढाच की तो सराव आवडतो का. सहा महिने रोज दोन पानं भरा. कंटाळा आला तर तो कंटाळा गांभीर्याने घ्या.

*इशारा:* ब्लेंडर किंवा फोटोशॉप शिकून या टप्प्याला वळसा घालू नका. सॉफ्टवेअर कॉलेजात शिकवतात. हात तयार आहे असं तिथे गृहीत धरलेलं असतं.

३. मार्ग: बारावीनंतर की पदवीनंतर

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

देशातल्या दोन सर्वांत परिचित नावांमध्ये गाडीचा खास अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीवर आहे. एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा) ट्रान्सपोर्टेशन ॲण्ड ऑटोमोबाइल डिझाइन हा एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, गांधीनगरच्या आवारात चालतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातला मोबिलिटी ॲण्ड व्हेइकल डिझाइन हाही एम.डेस.च. तिथला बी.डेस., म्हणजे बारावीनंतरची पदवी, सर्वसाधारण डिझाइनचा आहे. बारावीनंतर आयआयटीत शिरलो म्हणजे गाड्याच काढायला मिळतील, ही समजूत चुकीची आहे.

परीक्षाही वेगळ्या. बारावीनंतर आयआयटींसाठी यूसीड, पदवीनंतर सीड. दोन्ही आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतात. एनआयडीची डॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे, तिच्या प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन पायऱ्या असतात आणि सीडचे गुण तिथे चालत नाहीत.

नेहमी होणाऱ्या चुका:

- सीड उत्तीर्ण झालो म्हणजे प्रवेश मिळाला असं समजणं. सीडला एकत्रित प्रवेशप्रक्रिया नाही. निकालानंतर प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि पुढे तिथली चाचणी, मुलाखत होते. यूसीडला मात्र जागावाटप एकत्र होतं. दोन्हींची सरमिसळ करून दरवर्षी चांगली मुलं मुदत चुकवतात.
- यूसीड कितीही वेळा देता येते असं धरून चालणं. ती सलग वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते, शिवाय वयाची अट आहे. सीडला वयाची किंवा प्रयत्नांची मर्यादा नाही.
- दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक डिप्लोमावर सीड देता येईल असं समजणं. सीडला बारावीनंतरचं किमान तीन वर्षांचं शिक्षण लागतं. तो डिप्लोमा यूसीडसाठी पात्रता म्हणून धरला जातो. जी. डी. आर्ट ही कलेची पदविका केलेल्यांना एक वर्षाच्या व्यावसायिक अनुभवासह सीडचा दरवाजा उघडा आहे, हे कलामहाविद्यालयांतल्या पुष्कळांना माहीतच नसतं.
- बारावीला सायन्स नव्हतं म्हणून प्रयत्नच सोडणं. यूसीड कोणत्याही शाखेतून देता येते.

बारावीनंतर थेट गाडीकडे जायचं तर खासगी संस्था बघाव्या लागतात. लोणी काळभोरच्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणि देहरादूनच्या यूपीईएसमध्ये ट्रान्सपोर्टेशन डिझाइनचा बी.डेस. शिकवला जातो. यंदाच्या माहितीपत्रकात तो कोणत्या नावाने आहे, ते स्वतः वाचून घ्या. अशा अभ्यासक्रमांची नावं आणि रचना बदलत असतात.

आणि आधी इंजिनिअरिंग, मग डिझाइन हा मार्ग कमी दर्जाचा नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० वर काम केलेल्या रामकृपा अनंतन यांनी आधी बिट्स पिलानीत मेकॅनिकल केलं आणि मग आयडीसीत डिझाइन. थेट डिझाइनच्या वाटेचं उदाहरण म्हणजे टाटा मोटर्सचे डिझाइनप्रमुख राहिलेले प्रताप बोस, ते एनआयडीतून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला गेले. घरच्यांना चार वर्षांची डिझाइनची फी झेपणार नसेल, तर सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल करत रोज स्केच काढणं आणि मग सीड-डॅट देणं हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग आहे. एकच अट, पहिल्या वर्षापासून स्केच थांबू द्यायचं नाही. शेवटच्या वर्षाला जागे होणारे फार.

४. यादी करा, पण सहाच्या आत

प्रत्येक कॉलेजासाठी एक पान घ्या आणि त्यावर एवढंच लिहा: पदवीचं नेमकं नाव, ती देणारं विद्यापीठ, गाडीचा विषय कोणत्या सत्रापासून सुरू होतो, त्या शाखेत किती जागा, चार वर्षांचा एकूण खर्च.

तिसरा मुद्दा सोडू नका. पुष्कळ ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं आणि शाखा नंतर मिळते. समान वर्ष चांगलंच. पण शाखा गुणांवर मिळते की मागेल त्याला, आणि पुरेशी मुलं नसली तर ती त्या वर्षी सुरू होते का, हे लेखी विचारा. 'मिळेलच, काळजी नको' या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

*तपासणी:* विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावरच्या यादीत आहे का? परदेशी संस्थेशी करार दाखवला असेल तर अंतिम पदवीवर कोणाचं नाव छापलं जातं आणि करार मधेच संपला तर तुमच्या तुकडीचं काय होईल? समाधानकारक कागद मिळाला नाही तर ते पान फाडून टाका.

५. मुलांचं काम बघा

माझ्या दृष्टीने हाच टप्पा निर्णायक आहे आणि नेमका हाच वगळला जातो. इमारत, क्रमवारी, पाहुण्यांचे फोटो यांतून काहीच कळत नाही. कॉलेज काय शिकवतं, ते तिथल्या मधल्या फळीतल्या मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दिसतं.

बिहान्स (डिझायनर आपलं काम मांडतात ते संकेतस्थळ) आणि लिंक्डइनवर कॉलेजाचं आणि शाखेचं नाव टाकून गेल्या दोन-तीन तुकड्यांची मुलं शोधा. पहिली आलेली मुलगी सोडून द्या, ती कुठेही चमकली असती. बाकीच्या आठ-दहा जणांचं काम उघडा आणि हे बघा:

पहिलं, सुरुवात कुठून होते. चांगल्या प्रोजेक्टमध्ये आधी माणूस आणि पॅकेज येतं: चालक कुठे बसतो, बॅटरी कुठे, सामान किती, लांबी किती. आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला करात सवलत आहे, त्यामुळे बाजारातल्या कित्येक गाड्यांचं मागचं टोक कापल्यासारखं आखूड असतं. ज्या विद्यार्थ्याने ही मर्यादा स्वीकारून त्यातून चांगलं प्रमाण काढलंय, त्याला कोणीतरी नीट शिकवलंय. पहिल्याच पानावर रात्रीच्या शहरात उभी असलेली चाकाएवढ्या उंचीची सुपरकार आणि तिच्या आत माणूस बसेल अशी जागाच नाही, असं पाठोपाठ पाच जणांच्या कामात दिसलं तर ते कॉलेजाचं लक्षण आहे.

दुसरं, मधली पानं. सुरुवातीची स्केचेस, त्यातून निवडलेली तीन, त्यांतलं एक का निवडलं, मग मॉडेल, मग मॉडेल बघून बदललेली रेषा. ही साखळी नसेल आणि थेट चकचकीत रेंडर (संगणकावर केलेलं अंतिम चित्र) असेल, तर शिक्षकाने मधे काही विचारलेलं नाही.

तिसरं, सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या दिसतात का. एकाच माणसाची आवड सर्वांवर लादलेली असली की असं होतं.

मग त्यांतल्या चौघांना संदेश पाठवा. नम्रपणे, थोडक्यात. बहुतेक जण उत्तर देतात. 'कॉलेज कसं आहे?' असं विचारू नका, त्यावर उत्तर 'चांगलंय' एवढंच येतं. असं विचारा: पूर्णवेळ शिकवणाऱ्यांपैकी कोणी ऑटो स्टुडिओत काम केलेलं आहे का? आठवड्याला तुमच्या स्केचवर कोणी किती वेळ बोलायचं? तुमच्या तुकडीतले किती जण आज गाड्यांवर काम करताहेत? इंटर्नशिप कॉलेजने मिळवून दिली की तुम्ही?

*इशारा:* 'नव्वद टक्के प्लेसमेंट' या आकड्यात जाहिरात कंपनी, फर्निचरचं दुकान आणि ॲपचं काम सगळं धरलेलं असतं. फक्त वाहन उद्योगात गेलेल्यांची नावं मागा.

६. प्रत्यक्ष जा, आणि वर्कशॉपमध्येच जा

प्रवेश कक्षातल्या सोफ्यावर बसून परत येऊ नका. सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी जा. सुट्टीत सगळी वर्कशॉप्स नीटनेटकीच असतात.

क्ले मॉडेलिंगची खोली बघायला मागा. गाड्यांची ती तपकिरी क्ले वाळत नाही. साधारण साठ अंशांपर्यंत गरम करून, मऊ करून फोमच्या गाभ्यावर थापतात आणि थंड झाली की पात्यांनी खरवडतात. म्हणून त्या खोलीत ओव्हन असतो. तो चालू आहे का, की त्यावर खोके ठेवलेत? जमिनीवर क्लेच्या सालपटांचा थर आहे का? खरवडायच्या रेकची पाती झिजलेली आहेत का? झिजलेली पाती आणि मळलेली टेबलं ही चांगली खूण. काचेच्या कपाटात तीन वर्षांपूर्वीची दोन मॉडेलं आणि खोलीला कुलूप असेल, तर फीमधला 'वर्कशॉप' हा रकाना नुसता कागदावर आहे.

तसंच संगणक कक्षात एलियास प्रत्यक्ष किती यंत्रांवर आहे आणि संध्याकाळी सहानंतर कक्ष उघडा राहतो का, हे विचारा. डिझाइनचं निम्मं काम रात्री होतं.

भिंतींकडे बघा. भिंतीवर चालू आठवड्याची स्केचेस टाचलेली असतील आणि त्यांवर शिक्षकाच्या पेनाच्या खुणा असतील, तर तिथे शिकवणं चालू आहे. मिळालं तर मागे उभं राहून एक क्रिट, म्हणजे मुलांच्या कामावर होणारी चर्चा, ऐका. एका शिक्षकामागे बारा-पंधरा मुलं असली तर प्रत्येकाच्या कामावर बोलणं होतं. चाळीस असली की फक्त हजेरी होते.

पुण्यात किंवा मुंबईच्या जवळ असण्याचा फायदा आहे का? आहे. टाटा मोटर्सचा स्टुडिओ पुण्यात, महिंद्राचा मुंबईत, बजाज आकुर्डीत आणि चाकणचा पट्टा जवळ. पण फायदा तेव्हाच, जेव्हा तिथली माणसं कॉलेजात येऊन काम तपासतात. नुसत्या अंतराने काही होत नाही.

७. खर्च पूर्ण मांडा

फी हा एक भाग झाला. मार्कर, क्ले, ३डी प्रिंटिंग, अंतिम मॉडेल, ग्राफिक्सचा भार पेलणारा लॅपटॉप, वसतिगृह, इंटर्नशिपच्या काळातलं दुसऱ्या शहरातलं भाडं. यांतलं अंतिम मॉडेल हा मोठा खर्च असतो आणि तो फीमध्ये धरलाय की वेगळा, हे फार थोडे जण विचारतात. वर्षागणिक फी किती वाढू शकते तेही लेखी घ्या.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ता निघेल का, हा हिशेब पाचव्या टप्प्यात भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या सुरुवातीच्या पगारावर करा, माहितीपत्रकातल्या 'सर्वोच्च पॅकेज'वर नको.

८. परदेश: बी.डेस.साठी थांबा, मास्टर्ससाठी विचार करा

पॅसाडीनाचं आर्टसेंटर, डेट्रॉइटचं कॉलेज फॉर क्रिएटिव्ह स्टडीज, ब्रिटनचं कॉव्हेंट्री, लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, स्वीडनमधलं उमिओ, जर्मनीतलं फोर्ट्सहाइम, इटलीत तोरिनो आणि मिलानच्या संस्था. नावं मोठी आहेत आणि काम खरोखर मोठं होतं. अमेरिकेतला खर्च बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेर आहे, हे स्पष्टच सांगायला हवं.

जर्मनीचा विचार जरूर करा. फोर्ट्सहाइम ज्या राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी आहे. खासगी भारतीय कॉलेजच्या फीशी ती ताडून बघा. त्यासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेलं) लागतं आणि त्याला वेळ जातो, म्हणून अर्जाच्या मुदतीच्या बरंच आधी ते मागवा. अभ्यासक्रमाची भाषा इंग्रजी आहे की जर्मन, हेही बघा. बॅचलर पातळीवर ती बहुधा जर्मन असते. इंजिनिअरिंगच्या पदवीवर डिझाइनच्या मास्टर्सला घेतात का, हे ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. इटलीत 'मास्टर' नावाचे काही अभ्यासक्रम एका वर्षाचे असतात आणि तिथल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचे धरले जात नाहीत.

९. पोर्टफोलिओ: थोडा, पण पूर्ण

तीन प्रोजेक्ट पुरे. त्यांतला एक तरी गाडीच्या आतला असावा किंवा रोजच्या वापरातल्या वाहनाचा असावा: मालवाहू रिक्षा, एसटीतलं आसन, भाजीवाल्याचा टेम्पो. अशा विषयांत निरीक्षण करावंच लागतं आणि ते दिसतं. मार्केट यार्डात पहाटे तास-दोन तास उभं राहिलात तर टेम्पोच्या फाळक्याबद्दल इतकं कळेल की पुढची दहा पानं भरतील.

चुकलेली स्केचेस ठेवा, पण का चुकलं ते एका ओळीत लिहा. दुसऱ्याच्या कामावरून सराव केला असेल तर तसं नमूद करा. परीक्षक रोज शेकडो चित्रं बघतात, उचललेली रेषा त्यांना ओळखू येते. क्लासमध्ये सरांनी 'सुधारून' दिलेली पानं काढून टाका. मुलाखतीत कागद समोर ठेवून 'हेच आत्ता दुसऱ्या कोनातून काढा' असं सांगितलं जातं आणि तिथे सर नसतात.

*तपासणी:* पोर्टफोलिओ डिझाइनमधल्या नसलेल्या कोणाला तरी दाखवा. न बोलता. गाडी कोणासाठी आहे, हे त्यांना कळलं का?

१०. पैसे भरताना

आता, आणि आताच, पैसे. दोन निकाल बाकी असताना खासगी कॉलेजची मुदत संपते आणि बुकिंगची रक्कम भरावी लागते, असं होणारच. तेव्हा भरण्याआधी परताव्याची अट लेखी घ्या. यूजीसीच्या नियमानुसार विद्यापीठाने जाहीर केलेल्या प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या आधी प्रवेश रद्द केला तर मोठा भाग परत मिळतो, नंतर तो कमी होत जातो आणि त्या तारखेला तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून ती अंतिम तारीख कोणती, हे पावतीच्या मागेच लिहून ठेवा.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तपासणीसाठी दाखवा आणि परत घ्या. संस्थांनी मूळ कागद अडकवून ठेवू नयेत असा यूजीसीचा नियम आहे. पुढे सीडच्या मुलाखतीला किंवा दुसऱ्या प्रवेशफेरीला तेच कागद लागतात. पैसे संस्थेच्या खात्यातच भरा, समुपदेशकाच्या नाही, आणि पावतीवर अभ्यासक्रमाचं नाव शाखेसकट छापलेलं आहे का ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा. नुसतं 'बी.डेस.' लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.